ऊर्ध्वगामी आसन

यंत्र बनवणं आणि प्रकल्प पूर्ण करणं या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, आणि कोणतीही जबाबदार शिक्षणसंस्था त्यांची गल्लत होऊ देत नाही. यंत्र काय, कोणीही चिकाटीचा माणूस बनवेल. प्रकल्पाला मात्र मार्गदर्शक, समास आणि पुठ्ठ्याची बांधणी लागते.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीला हे जरा उशिरा कळलं. तिला सगळे कप्तान म्हणत. (गटप्रमुख निवडताना ती पाणी प्यायला बाहेर गेली होती; लोकशाहीत गैरहजेरी हीच उमेदवारी समजतात.) गटात आणखी तिघे होते: झोपेतही सुसंबद्ध बोलणारा वक्ता, स्लाइड सजवणारी चित्रकार, आणि ज्याची गाठ फक्त हजेरीपटावर पडायची तो पाहुणा.

कप्तानचा मामा तिच्याच घरी, तिसऱ्या मजल्यावर राहायचा. कंबरेचं हाड मोडल्यापासून तो जिना उतरला नव्हता. समोरच्या दुकानातला न्हावी घरी येऊन दाढी करून जाई, पण मामाचं समाधान होत नसे.

"घरी आला की मुकाट्याने वस्तरा फिरवतो आणि पळतो," मामा म्हणायचा. "दुकानात त्याचा हात कमी चालतो आणि तोंड जास्त. मला तिथे जाऊन बसायचंय गं एकदा."

म्हणून कप्तानने जिन्यावरून माणसाची ने-आण करणारी खुर्ची करायचं ठरवलं. हेतू इतका सरळ असल्यामुळे प्रस्ताव अर्थातच नामंजूर झाला.

मार्गदर्शक सर दयाळू होते. त्यांनी खुर्चीचं नाव 'स्मार्ट बहुउद्देशीय ऊर्ध्वगामी आसन प्रणाली' असं केलं आणि प्रस्ताव मंजूर झाला.

"पण सर, ऊर्ध्वगामी म्हणजे नुसतीच चढणार. उतरायचं काय?"

"सगळं आत्ताच करून टाकलंत, तर शेवटच्या प्रकरणात 'भविष्यातील व्याप्ती' म्हणून काय लिहाल?" सर म्हणाले. "उतरणं तिथे टाका."

तिने टाकलं.

बांधणीत किरकोळ अडचणी आल्या. कार्यशाळेतलं लेथ भेटीला येणाऱ्या बड्या मंडळींना दाखवण्यासाठी चकचकीत ठेवलेलं असल्याने त्याला हात लावायची सोय नव्हती. साखळी दर दुसऱ्या पायरीला सुटायची. मोटर कधी ओढायची, कधी नुसतीच गुरगुरायची. कप्तान ग्रीसने बरबटलेली घरी यायची आणि आई म्हणायची, "आधी हात धू, मग जगाचं भलं कर." या काळात वक्त्याने भाषण पाठ केलं, चित्रकारने बोधचिन्ह पुन्हा पुन्हा बदललं, आणि पाहुण्याने फोनवरून धीर दिला. अखेर एका दुपारी वाळूचं पोतं घेऊन खुर्ची अख्खा जिना चढली. कप्तान तिथेच पायरीवर बसून रडली. (अहवालात याची नोंद 'चाचणी समाधानकारक' अशी आहे.)

गुणांची विभागणी शास्त्रशुद्ध होती. अहवालाला चाळीस, सादरीकरणाला तीस, हजेरीला पंधरा, समासांना दहा, आणि यंत्र (असल्यास) चालल्यास पाच. आजवर नव्वद टक्के गट यंत्राविना उत्तीर्ण झाले होते. उरलेले दहा टक्के यंत्रामुळे अडकले.

परीक्षा दुसऱ्या मजल्यावर होती, आणि त्या दिवशी परीक्षेआधी यंत्र चालवायला मनाई. त्यामुळे जिना चढणारी ती खुर्ची उचलून चौघे जिना चढले. पहिल्या वळणावर ती भिंतीत अडकली, दुसऱ्या वळणावर पाहुण्याच्या बोटांवर आली; मग कोणी कुठे धरायचं आणि कोणी पाय आधी टाकायचा हे जमलं. बाहेरून आलेले परीक्षक वरून ओरडले, "सांभाळून! जिन्यात असल्या वस्तू फार धोक्याच्या."

सपाट फरशीवर खुर्ची दिमाखात फिरली.

"छान. जिना कुठाय?" परीक्षकांनी विचारलं.

"बाहेर, सर. चला, दाखवते ना."

"नको. मूल्यमापन याच खोलीत करायचा नियम आहे."

खुर्चीला पहिलं बक्षीस मिळालं, आणि संस्थेने ती दर्शनी दालनात काचेमागे ठेवून घेतली.

"आली का गं खुर्ची?" घरी मामाने विचारलं.

"काचेत ठेवलीय, मामा. आणि आली असती तरी ती फक्त वर चढते."

मामाने यावर प्रामाणिकपणे विचार केला. "पण मी तर वरच आहे की."

कप्तानला हसू आलं. सकाळी तिने तिघांना बोलावून घेतलं. (पाहुणाही आला. हजेरी नसताना येण्याची त्याची ही पहिलीच वेळ.) स्वयंपाकघरातल्या लाकडी खुर्चीवर मामाला बसवलं, ओढणीने बांधलं आणि चौघांनी खुर्ची उचलली.

"वळणावर डावी बाजू खाली! मामा, हात आत घे!"

एकदाही न आपटता मामा रस्त्यावर पोचला. अवजड गोष्ट जिन्यातून सुखरूप नेणं, एवढी एकच विद्या त्यांना प्रकल्पातून मिळाली होती. तिला अभ्यासक्रमात गुण नाहीत. समोरच्या दुकानात न्हाव्याने एक गाल करता करता शेजाऱ्यांची निंदा केली आणि दुसरा करता करता नातेवाइकांची. मामा डोळे मिटून ऐकत राहिला. कप्तान दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती, आणि कोणी हाक मारली तरी तिला ऐकू येत नव्हतं.

हकिकत इथे संपते. तरीही आपल्या मनात 'ते सगळं ठीक, पण मार्क किती पडले?' हा प्रश्न घोळत असेल, तर आपलं अभिनंदन. पुढच्या वर्षीसाठी परीक्षकाची एक जागा रिकामी आहे.