रणवरे सरांचा नाला

डॉ. विजयसिंह रणवरे यांचं ठाम मत होतं की माणूस खोटं बोलेल, सरकार खोटं बोलेल, पण पाणी खोटं बोलत नाही. हे मत ते वर्गात सांगत, लग्नाच्या पंगतीत सांगत आणि एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही बारामती येईपर्यंत सांगत. जंगलावर पडलेला पाऊस नाल्यात किती येतो आणि जमिनीत किती मुरतो, हे मोजायचं काम विद्यापीठानं त्यांच्या गटाला दिलं होतं. गट म्हणजे सर स्वतः, पीएच.डी. करणारी माधवी आणि एक जीप. ती जीप बहुतेक वेळा माधवीच ढकलायची.

कळंबच्या पलीकडच्या टेकडीवर वनखात्याचं जंगल होतं. जंगल म्हणजे खैर, हिवर आणि बाभळी, पण सरांसमोर त्याला झुडपं म्हणायची कुणाची छाती नव्हती. पायथ्याच्या नाल्यावर त्यांनी सिमेंटचा बुटका बांध घातला होता. बांधाला मधोमध खाच होती आणि शेजारी पत्र्याच्या पेटीत एक यंत्र होतं. खाचेतून पाणी वाहिलं की यंत्राचा पेन कागदावरची रेघ वर चढवायचा. पण त्या साली पावसानं दडी मारली. आषाढ कोरडा गेला, श्रावण अर्धा सरला, तरी रेघ आपली आडवीच. त्यातच पुण्याहून निरोप आला की समिती पाहणीला येतेय, आणि दाखवण्यासारखं काही नसेल तर प्रकल्प बंद होईल. माधवीचा प्रबंध अर्ध्यावर होता आणि सरांची अब्रू पणाला लागली होती.

अशात एका सकाळी कागद बदलायला गेलेली माधवी धापा टाकत परत आली. रेघ चढली होती. पावसाचा टिपूस नसताना नाल्यात बोटभर धार वाहत होती.

सर बांधापुढे फतकल मारून बसले. त्यांना भरून आलं. जंगलानं गेल्या वर्षीचं पाणी पोटात धरून ठेवलं होतं आणि आता ते सोडतंय, असं त्यांनी जाहीर केलं. चार दिवसांनी, रेघ रोज संध्याकाळीच का चढते, असं माधवीनं विचारलं. झाडं दिवसा पाणी पितात आणि संध्याकाळी थांबतात, असं सर म्हणाले. हे पुस्तकातही होतं, त्यामुळे माधवी गप्प बसली.

तरी खात्री करावी म्हणून सर पायथ्याच्या गावात तात्याबा नावाच्या शेतकऱ्याच्या वस्तीवर गेले. तात्याबांच्या घरी पूर्वी मेंढरं होती, आता ऊस होता. वर कुणाची विहीर किंवा मोटर आहे का, असं सरांनी विचारलं.

"न्हाय सर. वर निस्तं रान हाय," तात्याबा म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं.

मग सरांनी नाल्याला पाणी आल्याची बातमी सांगितली. तात्याबांनी हात जोडले आणि घाईघाईनं आत जाऊन बायकोला, म्हाळसाबाईंना, सांगितलं. विज्ञानाची एवढी कदर असलेला माणूस सरांनी विद्यापीठातही पाहिला नव्हता. पुढच्या खेपेला रेघ आणखी वर होती. सरांनी तेही सांगितलं. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी वर. सर सांगत गेले आणि पाणी वाढत गेलं. बारामती स्टँडजवळच्या एसटीडी बूथवरून त्यांनी पुण्याला अशा आवाजात कळवलं की बाहेरच्या रांगेलाही जंगलाचं महत्त्व पटलं.

समिती आली. अध्यक्ष झेंडे साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले होते आणि कुणावर चटकन विश्वास ठेवणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी धार पाहिली, पाण्यात बोट बुडवलं आणि म्हणाले, "चला, झरा दाखवा."

वर काट्यांत सर स्वतः कधी घुसलेच नव्हते. नकाशावर तिथं एक जुनं बांधकाम होतं, तेवढ्यावर त्यांनी भागवलं होतं. ओरखडे सोसत सगळे चढले, आणि शेवटच्या बाभळीआड पोचतात तो ट्रॅक्टरची घरघर ऐकू आली.

पुढं महादेवाचं अर्धं जमिनीत गेलेलं देऊळ होतं. दार दगडमातीनं छातीपर्यंत लिंपलेलं. टेकडीच्या मागच्या वाटेनं आलेल्या, गावातल्याच सर्जेरावाच्या टँकरचा पाइप आत सोडला होता. बायका रांगेनं घागरी रिकाम्या करत होत्या. पाऊस ओढ देतो तेव्हा गाव महादेवाला असं पाण्यात कोंडतं. पिंड बुडलेली राहिली की देव कासावीस होतो आणि पाऊस पाडतो. पण देऊळ जुनं, मागची भिंत गळकी, आणि कालव्यावरून आणलेलं ते सगळं पाणी भिंतीतून निघून थेट सरांच्या नाल्याला लागलं होतं.

"या सर," तात्याबा हरखून पुढं आले. "तुमचंच नाव निघालं व्हतं. तुमी म्हणला नाल्याला पाणी आलं, आमी म्हणलं देव पावाय लागला. मग दुसरा टँकर लावला. तुमी म्हणला वाढलं, मग कळंबकरांनी बी एक दिला."

झेंडे साहेबांनी सरांकडे पाहिलं. सरांनी माधवीकडे पाहिलं. शेवटी तीच हळूच म्हणाली, "तात्या, नाल्यातलं पाणी हेच आहे."

तात्याबांनी गळकी भिंत पाहिली, नाला पाहिला, टँकर पाहिला. घागरी जागच्या जागी थांबल्या.

"म्हंजी वतायचं बी आमीच, आन् देव पावला म्हणायचं बी आमीच?"

म्हाळसाबाईंनी घागर आपटली आणि दाराचं लिंपण उकरायला घेतलं. तेवढ्यात झेंडे साहेब ओरडले, थांबा. वर किती ओतलं ते माहीत आहे, खाली किती आलं तेही माहीत आहे, म्हणजे मधलं जमिनीत मुरलं. असा प्रयोग मुद्दाम करायचा म्हटला तर कुणी करू देत नाही. हे पाणी आणखी काही दिवस चालू ठेवलं तर प्रकल्प चालू राहील, असं त्यांनी जाहीर केलं.

पण गावाचं मन उडालं होतं. सरांनी विनवण्या केल्या. "तुमालाच गरज हाय तर तुमीच वता," म्हाळसाबाई म्हणाल्या. "पर आंगुळ करून, पंचा नेसून. देवाला पारोशानं चालत न्हाय."

म्हणून डॉ. विजयसिंह रणवरे रोज संध्याकाळी ओल्या पंचानं महादेवाला घागरी घालू लागले, आणि माधवी खाली यंत्रापाशी बसू लागली. आकडे सुरेख येत होते. आणि एका संध्याकाळी, घागर हातात असतानाच, आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळला. नाला फुगला आणि यंत्र पेटीसकट वाहून गेलं. सर कपाळाला हात लावून बसले, तर म्हाळसाबाईंनी त्याच कपाळाला भंडारा फासला. आमी वतून न्हाय आला, सरांच्या हातानं आला, असं त्या येईल त्याला सांगू लागल्या. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा होता, रेडिओवर सांगितलं होतं, असं सर परोपरीनं समजावत होते. तात्याबांनी सगळं ऐकून घेतलं आणि सरांच्या पायावर डोकं ठेवलं.

पुढच्या वर्षी पुन्हा पावसानं ओढ दिली. झेंडे साहेब पुण्याला सरांच्या खोलीत अहवाल वाचत बसले होते, तोच सरांची कीर्ती ऐकून नरसिंहपूर गावची माणसं जीप, नारळ आणि कोरा पंचा घेऊन दारात उभी राहिली. सर संतापले. त्यांनी अर्धा तास विज्ञान सांगितलं. माणसं मान डोलावत राहिली आणि जीप कधी काढायची ते विचारत राहिली. शेवटी झेंडे साहेबांनी सगळ्यांना बाहेर काढून दार लावलं. आता प्रकल्प कायमचा बंद, हे सरांना कळून चुकलं.

साहेबांनी घसा खाकरला.

"रणवरे, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पण आमच्या पुरंदरला अजून थेंब नाही हो. रविवारी मोकळे आहात का?"