पडदा, सुरी आणि दोन साक्षीदार

दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी मी आमच्या जिन्यात, जमिनीपासून सात फुटांवर, मखमली पडद्यात रुतलेल्या सुरीला लटकलेलो होतो. सुरी स्वयंपाकघरातली होती. खाली सासरे घड्याळ धरून उभे होते.

आता क्रमाने सांगतो. वर्तमानपत्रात एकोणीस वर्षं काढली, पण माझ्या बातमीवर एकदाही दुरुस्ती छापावी लागलेली नाही! दोन माणसांनी दुजोरा दिल्याशिवाय मी ‘आज सोमवार आहे’ एवढंसुद्धा लिहीत नाही.

त्या दिवशी सहाच्या आत पुरवणीसाठी लेख द्यायचा होता. विषय होता, जुन्या हॉलिवुडच्या तलवारबाज सिनेमांची मोहिनी. तयारी म्हणून सासऱ्यांबरोबर तीन दुपारी तीन सिनेमे पाहिले. काय ती माणसं! एकटा नायक जिन्यावर बारा शिपायांना झुलवतो आणि भांग विस्कटत नाही. खलनायकाची तलवार खाली पडली, तर नायक ती पायाने त्याच्याकडे सरकवतो आणि हसून म्हणतो, “उचल!” आमच्या कचेरीत पडलेलं पेनसुद्धा कुणी परत देत नाही.

तिसऱ्या सिनेमात नायकाने जहाजाच्या शिडात खंजीर खुपसला आणि शीड फाडत तो अलगद डेकवर उतरला.

“अशक्य!” सासरे म्हणाले. ते निवृत्त विज्ञानशिक्षक. “कापड एक तर फाटणार नाही, नाहीतर सर्रकन फाटून हा दाणकन आपटेल.”

“बाबा, मला तर शक्य वाटतं.”

“वाटतं? जावईबापू, तुम्ही वाटण्यावर छापता?”

हे लागलं. अगदी वर्मी लागलं.

माझी बायको घरी पडदे शिवते. शिवलेला पडदा आमच्या उंच जिन्यात वरच्या लोखंडी दांडीला टांगून ठेवते, म्हणजे चुण्या आपोआप पडतात. गेले पंधरा दिवस तिथे एक लाल मखमली पडदा होता, जुना, कसरीने खाल्लेला, फेकायचा. सकाळी चहाच्या वेळी मी सासऱ्यांना तसं सांगितलंही होतं. तरी नियम म्हणजे नियम. बायको गोंडे आणायला बाजारात गेली होती, म्हणून आधी सासऱ्यांना विचारलं.

“बाबा, जिन्यातला पडदा जुनाच ना?”

“जुनाच.”

मग मेहुणीला फोन लावला. ती बहिणीला शिवणात मदत करते.

“हो भावोजी, जुनाच आहे. पण का हो?”

“सहज.”

दोन साक्षीदार झाले. मी सुरी घेतली, वरच्या कठड्यावर चढलो आणि नायकासारखं हसलो.

पहिले चार फूट मी खरोखर उतरलो! मखमल फाटल्याचा आवाज टाळ्यांसारखा येत होता. मग पडद्याच्या मधल्या आडव्या जोडाशी सुरी आली आणि अडकली. दुहेरी शिवण, आत जाड पट्टी. चौऱ्याऐंशी किलोंचा मी तिथेच थांबलो.

“बाबा, शिडी!”

“थांबा, आधी फाट मोजू द्या. चार फूट दोन इंच. वेळ दीड सेकंद. अलगद म्हणता येणार नाही.”

“बाबा, हात सुटतोय!”

“तेही लिहून घेतो.”

तेवढ्यात दार उघडलं. बायको आत आली. हातात सोनेरी गोंड्यांची पिशवी होती. तिने वर पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि शिडी आणली. मी उतरलो.

“अहो, हा पडदा कुणाचा आहे, ठाऊक आहे?”

“जुना...”

“जुना सकाळी दहा वाजता काढून टाकला. हाही लाल मखमली, पण नाट्यगृहाचा आहे. माझं पहिलं मोठं काम. आजवर खिडक्यांचे पडदे शिवले, हा रंगमंचाचा. सात वाजता व्यवस्थापक बघायला येणार आहेत. जुना आहे असं कोण म्हणालं?”

“बाबा म्हणाले.”

“मला यांनीच सांगितलं,” बाबा म्हणाले. “चहाच्या वेळी.”

“आणि तुझी बहीणही म्हणाली!”

बायकोने बहिणीला फोन लावला. पलीकडचं मला स्पष्ट ऐकू आलं. “अगं, मला काय माहीत? दुपारी बाबांशी बोलले तेव्हा ते म्हणाले, जुना आहे.”

दोन साक्षीदार होते, आणि दोघांच्याही मागे मीच! एकोणीस वर्षांत इतकी पोकळ बातमी माझ्या टेबलावरून पुढे गेली नव्हती.

“शिवण मात्र फार उत्तम आहे गं,” सासरे म्हणाले. “चौऱ्याऐंशी किलो पेललं.”

“बाबा, तुम्ही फाट धरा,” ती म्हणाली. “ती मशीनवर शिवता येणार नाही, उलट्या बाजूने हातानेच शिवायला हवी. मी वरून सुरुवात करते. दोघांनी दोन टोकांनी शिवलं, तर चुण्यांत लपेल. कदाचित.”

“दुसरं कोण?” मी विचारलं.

तिने सुया-दोऱ्यांचा डबा जमिनीवर ठेवला आणि पायाने माझ्याकडे सरकवला. हसली नाही.

“उचला.”

मी उचलला.

सहाला संपादकांचा फोन आला. लेख अर्धा झालाय, असं मी म्हणालो. याला अजून कुणी दुजोरा दिलेला नाही.

सहा वाजून वीस मिनिटांनी हाती आलेल्या माहितीनुसार, वरच्या टोकाकडून दोन फूट शिवून झालं आहे. खालच्या टोकाशी माझ्या सुईत अजून दोरा गेलेला नाही.