बादलीचे बत्तीस उपयोग

माझ्या मुलीच्या बालवर्गात सर्जनशीलता मापन सुरू झालं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. मी वजनमापे निरीक्षक. तराजू खोटा असू शकतो, माप खोटं असू शकतं, पण मोजणं खोटं नसतं, या श्रद्धेवर माझी एकवीस वर्षं नोकरी झाली. साडेतीन वर्षांच्या पोरांची कल्पकता आजवर अंदाजपंचे चालली होती, हेच मला बेकायदेशीर वाटायचं.

परिपत्रक स्पष्ट होतं. प्रत्येक बालकासमोर रिकामी बादली ठेवायची. तीन मिनिटांत बालकाने तिचे जास्तीत जास्त उपयोग सांगायचे. गुण कमी पडले तर बालक मोठ्या गटात न जाता मागच्या इमारतीतल्या पूरक वर्गात बसणार. आमच्या मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती उभी राहिली की फिरते. तिला मोठ्या गटात जायचं होतं ते एकाच कारणासाठी. तिथे खिडकीजवळ दोघींचा बाक आहे, आणि तो तिने आणि तिच्या गोटी नावाच्या मैत्रिणीने आधीच ठरवून ठेवला होता.

मापनाच्या दिवशी पालकांना मागच्या भिंतीशी उभं केलं होतं. मापक म्हणून आलेले गृहस्थ मुलांच्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसले होते. भिंगरीने बादली उचलली, डोक्यावर उपडी घातली आणि तिथेच बसली.

"बाळ, हे काय आहे?" मापकांनी विचारलं.

"मी घरी नाहीये," बादलीतून आवाज आला.

"कधी येशील?"

"उद्या."

मापकांनी 'अनुपस्थित' या रकान्यात खूण केली. माझी बायको पुढे झाली. "अहो, ती समोर बसलीय तुमच्या."

"ताई, बालकाने स्वतः तसं निवेदन दिलंय. टोपी म्हणाली असती तर एक गुण होता."

"टोपी कशी असेल? घर आहे ते तिचं."

"घर यादीत आहे, सतराव्या क्रमांकावर. पण ती घरी नव्हती ना."

खरं सांगायचं तर मला त्या माणसाचं कौतुकच वाटलं. इतर मुलांनीही फार दिवे लावले नाहीत. एकाने बादली चाटून पाहिली आणि गोटी बादलीत बसली ती उठेचना. चोवीसच्या चोवीस मुलांचं पंधरा दिवसांनी फेरमापन ठरलं. बत्तीस मान्य उपयोगांची यादी गोपनीय होती, त्यामुळे ती संध्याकाळपर्यंत सगळ्या पालकांकडे पोचली.

मी रोज सकाळी घड्याळ लावून भिंगरीचा सराव घेऊ लागलो. टोपी, ढोल, स्टूल, किल्ला. पाचव्या दिवशी ती नवव्या उपयोगापर्यंत आली. आठव्या दिवशी न्हाणीघरातली बादली पाहून ती पलंगाखाली शिरली. आंघोळ बंद झाली.

"पोरगी फिरायची थांबलीय," बायको म्हणाली. "तुमच्या लक्षात तरी आलंय का?"

आलं होतं. तरी मी म्हणालो, "आठवड्याचाच तर प्रश्न आहे."

फेरमापनात तेवीस मुलांनी बत्तीस उपयोग त्याच क्रमाने, एका दमात म्हणून दाखवले. गोटीने पन्नास सेकंदांत संपवले. शेवटी भिंगरी आली. तिने बादलीला हात लावला नाही.

"सांग बाळ, हे काय आहे?"

"बादली."

"आणखी?"

"बादलीच आहे."

भर वर्गात माझं नाक कापलं गेलं. घरी जाताना मी तिचा हात धरला नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

निकाल तिसऱ्या दिवशी लागला. नियम सातनुसार, पाच टक्क्यांहून अधिक मुलांनी दिलेलं उत्तर नक्कल समजून बाद होतं. त्यामुळे तेवीस मुलांना शून्य मिळालं आणि ती पूरक वर्गात गेली. बादलीला बादली म्हणणारी चोविसांत एकटी भिंगरी निघाली, आणि ती विभागात पहिली आली. मी पेढे नाही, पण प्रमाणपत्राच्या प्रती मात्र वाटल्या.

आता मोठ्या गटात बाराच्या बारा बाक आहेत आणि मूल एक आहे. बाई रोज तिची हजेरी घेतात, तिची रांग करून तिला अंगणात नेतात.

"बाबा, गोटी कधी येणार?" तिने परवा विचारलं.

"तिची कल्पकता वाढली की येईल."

"मग मी माझी कमी करू?"

मी वर्तमानपत्र उघडलं.

बाकीचे पालक अजून फोन करून विचारतात, भिंगरीने नेमकं काय सांगितलं होतं; नुसतं 'बादली' यावर त्यांचा विश्वास बसत नाही. त्यांना हसू नका. बादलीचं नाव निघाल्यापासून तुम्हीही मनातल्या मनात तिचे उपयोग मोजताय. टोपी, ढोल, स्टूल, आणखी काय? किती झाले ते सांगा. पूरक वर्गासाठी मोठ्या माणसांच्या मापाचे बाकही मागवलेत.