आधी खाणारा आणा

काशीत ब्रह्मा घाटावरच्या आमच्या गल्लीत नानांकडे औषध फुकट मिळे, पण एका अटीवर. रोग्याने आपल्या घरचं एक धडधाकट माणूस बरोबर आणायचं. औषधाची एक गोळी आधी त्या माणसाने खायची, आणि घटकाभराने तशीच दुसरी रोग्याने. गोळी अर्थातच भांगेची.

नाना भांग म्हणत नसत. “विजया म्हणा. दवा आहे, दिल्लगी नाही.” काशीतच जन्मलेले, संस्कृत शिकवून निवृत्त झालेले, एकटे राहणारे गृहस्थ. विजया आणायला स्वतः दुकानात जात आणि मुलगी बघायला आल्यासारखे चौकशी करत. कूळ काय, वाढली कुठे, पहाडावर की गंगेकाठी? दुकानदार हात जोडायचा. “गुरुजी, ई पत्ती हौ, दुलहिन नाहीं.”

नानांना ते पटत नसे. “हिमालय तिचं माहेर,” ते आम्हाला सांगत. “तिथे आपोआप उगवते, म्हणून मिजाज गरम. खाली गंगेकाठी आली की सासुरवाशीण, जरा वळण लागतं. औषधाला सासुरवाशीणच बरी.” पानं औषधाची, शेंडे गांजाचे, आणि शेंड्यांच्या नादी लागलेला माणूस जावई करू नये, हेही त्यांचंच. मग पानं धुवायची, हिरवं पाणी जाईपर्यंत पुन्हा धुवायची, वाळवायची, गाईच्या तुपात परतायची. भूक मेली, पोट बिघडलं, झोप उडाली, कंबर धरली, सगळ्यावर तीच गोळी. अमृताचा थेंब सांडला तिथे ही उगवली, असं त्यांचं म्हणणं. अमृत देवांनी इतकं सांडलं तरी देव अमर कसे राहिले, असं मी एकदा विचारलं, तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मी तेव्हा चाळिशीची. यजमानांची बँकेने काशीला बदली केली म्हणून सोलापूरहून आलेली. तिथल्या महिला मंडळात मी व्यसनमुक्तीवर भाषण केलं होतं, आणि ते भाषण मी काशीतही अंगावर शालीसारखं पांघरून हिंडत असे. माझी नात आज मला बिनधास्त आजी म्हणते. तिने तेव्हाच्या त्या बाईला पाहिलं असतं तर गल्ली बदलली असती.

तर या बाईची झोप उडाली. डॉक्टर झाले, जायफळ झालं. शेवटी पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन मी नानांच्या दारात.

“गोळी आहे, सूनबाई. खाणारा आणा.”

आमच्या ह्यांनी आयुष्यात माझ्यासाठी इतक्या उत्साहाने काहीच केलं नव्हतं. गोळी खाल्ली, वर पाणी प्याले, आणि थोड्या वेळाने गल्लीत आडव्या बसलेल्या सांडाला मुदत ठेवीचे फायदे समजावू लागले. सांडाने शेवटपर्यंत ऐकलं. इतका शांत ग्राहक ह्यांना शाखेत कधी लाभला नव्हता. मी माझी गोळी गुपचूप मोरीत टाकली आणि हसून हसून दमून गाढ झोपले.

सकाळी नाना विचारायला आले. “गुण आला ना?”

“आला,” मी म्हटलं. “खाणाऱ्याला जास्त.”

गल्लीत सगळे हसून म्हणत, नाना राजवैद्य, म्हणून विष चाखायला माणूस लागतो. मीही हे चार घरी रंगवून सांगत असे.

पुढे एका थंडीत नानांनीच अंथरूण धरलं. पोट ठरेना, कंबरेतून कळा, डोळ्याला डोळा नाही. मी मऊ भात घेऊन जायची, तो तसाच परत यायचा. एका संध्याकाळी पाहिलं, फळीवर पानात बांधलेली गोळी सुकत पडलेली.

“घेत का नाही, नाना?”

“खाणारा कुठून आणू?”

“स्वतःच्या हातची गोळी. विषाची भीती वाटते?”

“विषाची भीती कोणाला, सूनबाई.” त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. “आमच्या हिला दिली होती, तिच्या शेवटच्या दुखण्यात. मी कूळ विचारलं नव्हतं. विजया पहाडी निघाली. ही सारखी म्हणत होती, अहो, कुठे आहात, कुठे आहात. मी हात धरून बाजूलाच बसलो होतो. बिलकुल बाजूला. पण मी इकडे, आणि ती तिकडे. तिकडे माणसाच्या आधी कुणी ओळखीचं पोचलेलं असावं. बस, इतकंच.”

मला चटकन एक टोमणा सुचला होता. तो गिळला.

मग पानातली गोळी उचलली. अर्धी मोडून त्यांच्या उशाशी ठेवली. महिला मंडळ आठवलं, पहिल्या रांगेत बसून माना डोलावणाऱ्या बायका आठवल्या. उरलेली अर्धी तोंडात टाकली. चव अशी की रोग घाबरूनच पळावा.

नाना कोपरावर उठून माझ्याकडे बघत बसले. पंचगंगा घाटाकडून आरतीच्या घंटा ऐकू येत होत्या. घटका होत आली तशा त्या फार सावकाश वाजू लागल्या. फळीवरचा तुपाचा डबा माझ्या मोठ्या नणंदेसारखा दिसू लागला, आणि आश्चर्य म्हणजे मला तिचा राग येईना.

“पोचलीस?” नानांनी विचारलं. मला अगं-तुगं त्यांनी पहिल्यांदाच केलं.

“पोचले.”

“कशी आहे? पहाडी?”

“नाही हो. सासुरवाशीण आहे,” मी म्हटलं. “या तुम्ही. मी आहे इथे.”

नानांनी उशाजवळची अर्धी गोळी चाचपडत शोधली.