बंद बारचं गाणं

आमच्या परगण्यातलं प्रसूतिगृह तोट्यात असल्याचं निष्पन्न झाल्यामुळे सक्षम अधिकाऱ्यांनी ते एका मंगळवारी बंद केलं. त्याच मंगळवारपासून मुलांनी जन्माला येणंही थांबवावं, असा आदेश काढायचा मात्र राहून गेला. त्यामुळे पुढच्या महिन्यात व्हर्ना स्टॅम्परला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिला साठ मैलांवरच्या शहरात न्यावं लागलं. केंटकीच्या आमच्या डोंगरांत साठ मैल म्हणजे दोन तास. अग्निशमन दलाची रुग्णवाहिका मी चालवत होतो. बाळ छत्तिसाव्या मैलाला जन्मलं आणि एक्केचाळिसाव्या मैलाला गेलं. मुलगी होती.

व्हर्नाची थोरली बहीण ओलिटा शाळेची बस चालवते. तिनं त्यावर गाणं रचलं आणि अग्निशमन दलाच्या शनिवारच्या जेवणात गिटार घेऊन म्हटलं. घेवडा आणि मक्याचा पाव बशांमध्ये तसाच गार झाला. सगळे रडले, मीही रडलो. कुणीतरी ते फोनवर टिपून पुढे पाठवलं आणि पंधरा दिवसांत नॅशव्हिलच्या एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस दारात उभा राहिला. नाव प्रेस्कॉट. त्याच्या पायातले बूट आमच्या गावातल्या कुठल्याही बुटांपेक्षा जास्त गावठी होते.

"बाई, तुमच्यातला हा जो अस्सलपणा आहे ना, त्याला अजिबात हात लावायचा नाही, अशी कंपनीची भूमिका आहे," तो म्हणाला.

हात लागू नये म्हणून कंपनीने लगेच समिती नेमली. अस्सलता पडताळणी समितीत सात जण होते; त्यांतल्या एकाने लहानपणी गाय पाहिली होती. समितीने ओलिटाला तक्ता भरायला दिला. ट्रक, नदी, कुत्रा, दारू, ओसरी, दिवंगत आजोबा. तिला शंभरपैकी एकतीस मिळाले. बस ही ट्रक धरता येत नाही, असा निर्णय झाला. आजोबा जिवंत होते, त्यातून दारूला न शिवणारे. नमुना म्हणून तोच तक्ता प्रेस्कॉटने भरून ठेवला होता. त्याला ब्याऐंशी होते.

मग तिला गावरान बोलायला शिकवण्यासाठी दूरच्या, श्रीमंत शहरी कनेक्टिकटच्या एक बाई नेमण्यात आल्या.

"शब्द जरा ओढून बोला," बाई म्हणाल्या.

"अहो, पण आमच्याकडे असं कुणीच बोलत नाही."

"तुमच्याकडे नसतील बोलत. ऐकणाऱ्यांच्या कानात तुम्ही असंच बोलता."

नऊ गाणी कंपनीने तयारच ठेवली होती. उरलं ओलिटाचं. ते निवडक श्रोत्यांना ऐकवलं गेलं.

"अप्रतिम आहे," प्रेस्कॉट म्हणाला. "सगळे रडले. तीच अडचण आहे."

"कसली अडचण?"

"लोक गाडी चालवताना गाणी ऐकतात हो. डोळे पुसायला लागले तर अपघात व्हायचे. एकच शब्द बदलू. 'दवाखाना'च्या जागी 'बार'. दार बंदच राहील, दुःखही तेवढंच राहील."

"बारमध्ये बाळंतपणाला कोण जातं, मेल्या?"

प्रेस्कॉटने हा आक्षेप टिपून घेतला, कारण तो रास्त होता. दुसऱ्या दिवशी बाळाच्या जागी ट्रक आला. आता माणूस साठ मैलांवरच्या बारकडे निघतो, ट्रक छत्तिसाव्या मैलाला तापतो आणि एक्केचाळिसाव्या मैलाला कायमचा बंद पडतो. चाल दुप्पट वेगाची झाली. मध्ये टाळ्या.

"हे मी म्हणायची नाही," ओलिटा उठलीच.

"मूळ गाणंही घेऊ की! अगदी शब्दन् शब्द. शेवटी, अकरावं."

ती बसली. ट्रकसाठी आलेल्यांतले चार जण तरी शेवटपर्यंत थांबतील आणि व्हर्नाची मुलगी त्यांना कळेल, एवढाच तिचा हिशेब होता.

अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. ट्रकच्या गाण्याला समीक्षकांनी 'डोंगराच्या काळजातून फुटलेला हुंदका' म्हटलं. अकराव्या गाण्याला श्रोत्यांचा पुरेसा प्रतिसाद नसल्याचं आढळून आल्यामुळे दुसऱ्या आवृत्तीतून ते कमी करण्यात आलं.

मग पर्यटक यायला लागले. तो बंद बार कुठे आहे, असं विचारायचे. आमच्या परगण्यात मुळात दारूबंदी होती. बंद करायलासुद्धा बार नव्हता. लोकांची ही गैरसोय प्रशासनाने अत्यंत गांभीर्याने घेतली. मतदान होऊन दारूबंदी उठली, परवाना तीन आठवड्यांत आला. जागा म्हणून रिकामं प्रसूतिगृह देण्यात आलं. ते पुन्हा सुरू करावं, हा आमचा अर्ज दोन वर्षांपासून विचाराधीन होता. तो आता जागेअभावी निकाली काढण्यात आला.

उद्घाटनाला ओलिटा आली. सोबत व्हर्नाही होती. प्रसूतीच्या खोलीत दिवे चांगले होते, म्हणून मंच तिथेच बांधला होता. ओलिटाने गिटार घेतली, कुणाला काही न सांगता अकरावं गाणं धरलं आणि पूर्ण म्हटलं. आपल्या स्वतःच्या बोलीत. मागच्या टेबलावर कुणीतरी पुटपुटलं, "हिचा उच्चार बिघडलाय का गं?"

गाणं संपलं. बाटली खाली ठेवावी की हातातच धरावी, हे कुणाला कळेना. व्हर्ना पुढच्या टेबलाशी मांडीवर हात ठेवून बसली होती. इतक्यात एक आवाज आला, "ओली, झालं ना ते? आता आपलं म्हण की! ट्रकवालं!"

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. हशा झाला, टाळ्या सुरू झाल्या. व्हर्नाने वळून पाहिलं.

आवाज माझा होता.

मग ती बहिणीकडे वळली आणि म्हणाली, "म्हण गं ओली. लोक थांबलेत."

ओलिटाने म्हटलं. आम्ही नाचलो. साडेतीन मिनिटं नाचलो आणि पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

मी वाईट माणूस नाही. त्या दिवशी गाडी मी पळवता येईल तेवढी पळवली होती. तुम्ही हळहळताय, तेही मला दिसतंय. पण ट्रक कुठे तापला, कुठे बंद पडला, हे सगळं तुम्ही माझ्याकडून ऐकून घेतलंत. त्या अकराव्या गाण्यातली एक ओळसुद्धा मी सांगितली नाही, आणि तुम्ही विचारलीही नाहीत.