टिकाऊ माशी आणि गफूरची रजा

ज्या मुलखात नदी नाही, तिथे नदीतल्या माशांबद्दलची शिस्त फार कडक असते. १९५७ साली कुवेतमध्ये एकही नदी नव्हती. (आजही नाही. सातत्य यालाच म्हणतात.) साहजिकच एका तेल कंपनीच्या प्रिंगल साहेबांना स्कॉटलंडातल्या ट्राउट माशासाठी आमिष म्हणून गळावर बांधायच्या नकली माश्या लागत. असली माशी थंड ओढ्यातल्या दगडांखाली राहते. नकली राहायची अबू हलीफात, साहेबांच्या खणात.

कारागीर म्हणजे साहेबांचाच कारकून गफूर. घराणं रत्नागिरीकडचं, जाळी विणणारं. गाठ बोटांतच होती. साहेबांचं दुखणं एवढंच, की ट्राउटचे दात दोरा कापतात आणि तिसऱ्या माशाला माशी उसवते. हुकूम सुटला: माशी टिकाऊ झाली, की रजेच्या अर्जाचं पाहू. अर्ज सोळा महिने पडून होता. दरम्यान झालेली मुलगी गफूरने अजून पाहिली नव्हती. बायकोचं, रबियाचं पत्र आलं: "पोरगी चालायला लागली. तुमच्या फोटोला अब्बा म्हणते. आता या."

गफूर हट्टालाच पेटला. गळावर पिसं, पिसांवर दोरा, दोऱ्यावर उलट्या वेढ्यांनी तांब्याची तार, वर वार्निशचे तीन हात. चाचणी शास्त्रोक्त झाली. पक्कड म्हणजे माशाचे दात (ट्राउट उपलब्ध नसल्याने), बर्फाची बादली म्हणजे स्कॉटलंड. चावे चारशे, उसवण शून्य.

शेजारच्या टेबलावरच्या झहूरनेही एक माशी बांधली. बादलीत पडताच पिसं एकीकडे, गळ एकीकडे. साहेब कळवळले. "बिचारा थकलाय," म्हणाले, आणि झहूर पुढच्याच बोटीने रजेवर गावी गेला.

मग गफूर अर्ज घेऊन आत गेला. साहेबांनी त्याची माशी उजेडात धरली. त्यांचे डोळे भरून आले. "गफूर, तुझ्यासारखा माणूस मिळणार नाही!" आणि अर्जावर सुवाच्य शेरा मारला: याच्यावाचून काम अडते, सबब रजा नामंजूर.

गफूर बाहेर येऊन ढसाढसा रडला. हापिसात त्याची नोंद 'कृतज्ञता' अशी झाली.

प्रिंगल साहेबांना शिव्या द्यायला तुमची जीभ वळवळत असेल. जरूर द्या. फक्त आधी स्वयंपाकघरात डोकावून या. "तू आहेस म्हणून हे घर चाललंय," असं तिथे जी उभी आहे तिला तुम्ही किती वेळा म्हणालात? आणि ती माहेरी शेवटची कधी गेली?