उताण्या जावयाचा फेटा

चिमाजीने जुजुत्सू शिकायचं ठरवलं ते एका टोपीमुळे.

त्याचे सासरे गेनबा पहिलवान चऱ्होलीचे. गावच्या जत्रेत जो जावई आखाड्यात उतरून कुस्ती मारेल, त्याला ते सगळ्या गावासमोर स्वतःच्या हाताने फेटा बांधत. जो नुसता जेवायला येई त्याला टोपी. थोरला जावई ज्योतीराम चाकणचा, अंगाने रांजणासारखा. त्याच्याकडे पाच फेटे जमले होते. धाकटा चिमाजी देहूरोडच्या लष्करी डेपोत कारकून, आणि त्याच्याकडे चार टोप्या होत्या. (चारही मापाने मोठ्या. जावयाच्या डोक्याबद्दल सासऱ्यांचा काहीतरी गैरसमज असावा.)

टोपीचं एवढं काही नव्हतं. पण दर जत्रेला ज्योतीरामाची बायको पंगतीत नवऱ्याच्या फेट्याचा विषय काढायची आणि तिची धाकटी बहीण, चिमाजीची बायको भागूबाई, मान खाली घालून भाकरी मोडत बसायची. ते त्याला फार लागायचं. यंदा बायकोची मान वर झाली पाहिजे, असं त्याने चोपन्न सालच्या होळीला ठरवलं आणि डेपोतल्या हवालदार मारुतरावांना गाठलं.

मारुतराव लढाईत ब्रह्मदेशात जाऊन आलेले. ही जपानी विद्या त्यांनी तिथे एका गोऱ्या सार्जंटाकडून उचलली होती. त्यांनी चिमाजीला वरपासून खालपर्यंत पाहिलं (त्याला फार वेळ लागला नाही) आणि सांगितलं, तुमच्यासारख्याने उभ्याने लढायचंच नाही. आपण होऊन उताणं पडायचं, गडी अंगावर ओढायचा, पायाने त्याचा पाय उचकटून त्याला उलटवायचा आणि त्याचा हात दोन मांड्यांत धरून कोपर ताणायचं. कळ सोसेना झाली की गडी जमिनीवर दोनदा थोपटतो. थोपटलं की सोडायचं, त्याआधी सोडायचं नाही.

सरावाला डेपोत कुणी मिळेना, तेव्हा घरीच गोधडी अंथरून भागूबाईला उभं केलं. पहिल्याच संध्याकाळी चिमाजीने तिला उलटवलं. मग महिनाभर ती रोज पडली, रोज दोनदा थोपटून चुलीवरचं कालवण बघायला उठली. या सरावात पाण्याची एक घागर गेली, फळीवरचे डबे दोनदा खाली आले. शेजारच्या यशोदाबाई विरजण मागायच्या निमित्ताने डोकावून गेल्या. नवरा बायकोला मारतो की बायको नवऱ्याला, यावर मग आळीत दोन तट पडले.

चैत्रात जत्रा भरली. मारुतरावांचा लंगोट कसून (खरं तर दोन वेढे जास्त देऊन) चिमाजी आखाड्यात उतरला, तेव्हा गाव पोट धरून हसलं. त्याच्याशी जोड लावायला कुणी पुढे येईना. शेवटी ज्योतीरामच गंमत म्हणून आला. हलगी कडाडली, दोघांनी माती लावली, आणि चिमाजी धाडकन आपण होऊनच उताणा पडला.

पाठ मातीला लागली म्हणजे हार, हे त्या मुलखातल्या तान्ह्या पोराला ठाऊक. चिमाजीलाही होतंच. पण महिनाभर घोकलेल्या धड्यापुढे त्याला ते आठवलंच नाही. पंच कोंडाजींनी ज्योतीरामाचा हात वर केला. तेवढ्यात खालून चिमाजीने त्याचा दुसरा हात ओढला, घोट्यात पाय अडकवला, आणि जिंकलेला ज्योतीराम पोत्यासारखा उलटला. पुढच्या क्षणी त्याचं कोपर चिमाजीच्या मांड्यांत होतं.

"सोड की. जितलोय म्या," ज्योतीराम कळवळला.

"आधी थोपटा."

"कुणाला थोपटू?"

"भुईला. दोनदा."

आपली थट्टा चालली आहे असं वाटून ज्योतीराम आणखी जोर करू लागला, तसं कोपर आणखी ताणलं गेलं. कोंडाजींनी ओढून पाहिलं, दोघांनी चिमाजीचे पाय धरले. कारकून हटेना. मैदानाच्या कडेला बायकांच्या बैलगाड्या उभ्या होत्या. त्यातल्या एका गाडीत भागूबाई उठून उभी राहिली.

"दाजी, मोकळ्या हातानं भुईवर दोन थापा मारा. त्याबिगार त्ये सोडायचं न्हाईत."

ज्योतीरामाने दोन थापा मारल्या. चिमाजीने ताबडतोब सोडलं आणि अदबीने साडूच्या पाठीवरची माती झटकली.

आता जिंकलं कोण? कोंडाजी डोकं खाजवू लागले. गेनबा मात्र फेटा घेऊन सरळ आखाड्यात आले.

"पाठ ह्याची लागली ह्ये खरं. पर जितलेला रडतोय आन् हरलेला माती झटकतोय. फेटा ह्याचा."

गाव पुन्हा ओरडलं, पण या वेळी हसून नाही. चिमाजीने डोकं पुढे करत सांगून टाकलं, सराव घरी भागूबाईवरच केला, महिनाभर रोज पाडलं तिला. फेटा बांधता बांधता सासरे त्याच्या कानाशी पुटपुटले, "घरी भागी रोज पडायची व्हय? नवल हाय. तालमीच्या मागं सात वर्सं म्या तिला डाव शिकवलंत."

बापाला लेकीचं कौतुक असायचंच, म्हणून चिमाजीने ते कानाआड केलं. पंगतीत थोरल्या बहिणीने यंदा पावसापाण्याचा विषय काढला. भागूबाई मान वर करून जेवत होती, दोनदा वाढून घेऊन. आयुष्यात आणखी काही मिळवायचं राहिलंय असं त्याला त्या दिवशी वाटलं नाही.

घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला, आज एकदा खरीखुरी लढ. तिने दोनदा विचारलं, खरीखुरी? तो फेटा सावरत हो म्हणाला. तिने पदर खोचला.

सोमवारी चिमाजी तो फेटा घेऊनच डेपोत गेला. डोक्याला नाही, गळ्यात. उजवा हात त्याच्या झोळीत होता.

मारुतराव हळहळले. "अहो, थोपटायचं होतंत की."

"थोपटलं ना. दोनदा थोपटलं," चिमाजी म्हणाला. "पण ती म्हणाली, आमच्या तालमीत थोपटल्यावर सोडत न्हाईत."